जागती गाडी

"बटण दाबायचं. हिरवा दिवा लागला की तासभर बसायचं, मग बंद करायचं. एवढंच," असं म्हणत मायरन हलादूनने किल्ली शेजारच्या लिओनाच्या हातात ठेवली.

"तीस वर्षं शाळेची बस चालवलीय मी, तीही उणे चाळीसमध्ये," लिओना म्हणाली. "तुझं हे खेळणं मला झेपेल."

"हायब्रिड आहे ती, बाई. एक मोठी बॅटरी, एक छोटी. पंधरा दिवसांतून एकदा जागी केली नाही तर छोटी मान टाकते, आणि मग मोठी असून नसल्यासारखी."

"म्हणजे नवरा-बायकोसारखं," ती बोलून गेली आणि तिने जीभ चावली. मायरनची बायको सोफी जुलैमध्ये वारली होती.

मायरनने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. गाडीची टाकी त्याने काठोकाठ भरली होती, चाकांत थोडी जास्तीची हवा मारली होती, उंदीर शिरू नयेत म्हणून जाळ्या बसवल्या होत्या. सगळं दरवर्षीसारखं.

"कधी निघतोस?"

"उद्या पहाटे. विमानतळाची गाडी येईल."

"ॲरिझोनात माझ्या वाटणीचंही ऊन खा," ती म्हणाली आणि निघून गेली.

कॅनडात सॅस्कॅचेवान प्रांतातल्या त्या गावातले निम्मे म्हातारे नोव्हेंबर लागला की दक्षिणेकडे उडून जात. मायरन आणि सोफी अकरा वर्षं जात होते. दुसऱ्या दिवशी पहाटे मात्र मायरनच्या दारात कुठलीही गाडी आली नाही. तो कुठेच गेला नाही.

जाणार कुठे आणि कुणासाठी? तिथला गोतावळा सगळा सोफीचा. पण सप्टेंबरमध्ये कॉफीच्या टेबलावर कुणीतरी विचारलं, "यंदाही जाणार ना?" आणि याच्या तोंडून निघून गेलं, "जाणार तर." एकदा सुटलेला शब्द परत घेणं त्याच्या स्वभावात नव्हतं. बिचारा एकटा पडला म्हणून लोकांनी हळहळावं, जेवणाची झाकलेली भांडी घेऊन दारात यावं, त्यापेक्षा पाच महिने पडद्याआड काढलेले परवडले, असं त्याने ठरवलं. परवडत नाहीत हे कळायला डिसेंबर उजाडला.

फ्रीझर बटाट्याचं सारण भरलेल्या पिरोग्यांनी आणि सुपाने भरलेला होता. रिकाम्या घरात नळ गोठू नयेत इतपतच हीटिंग ठेवतात, तेवढ्यावरच तो कोट घालून राहिला. जास्त तापवलं असतं तर छपरावर वाफेचा लोट दिसला असता. टीव्हीवर कर्लिंगचे, बर्फावर दगड सरकवायच्या खेळाचे सामने आवाज बंद करून बघायचा. गॅरेज मागच्या अंगणात, जेमतेम तीस पावलांवर. पण बर्फात पाऊल उमटतं, म्हणून गाडी लिओनाच्या हवाली करावी लागली होती.

दर दुसऱ्या रविवारी दुपारी दोन वाजता लिओना मागच्या गल्लीतून गॅरेजमध्ये शिरायची. स्वयंपाकघराच्या पडद्याच्या फटीतून त्याला गॅरेजची बाजूची खिडकी दिसायची आणि तिच्यातून गाडीत बसलेल्या लिओनाची लाल टोपी. मग त्याचा मोबाइल वाजायचा.

"तुझी लाडकी जागी झाली," ती म्हणायची. "हीटर मस्त चाललाय. तिकडे काय?"

"अर्ध्या बाह्यांत बसलोय," कोटाची कॉलर वर करत मायरन सांगायचा.

मग तासभर गावगप्पा. कुणाचा ट्रक खड्ड्यात गेला, कुणाची सून रुसली. तोही थापा मारायचा, शेजारचं बिऱ्हाड, संत्र्यांची झाडं, पोहण्याचा तलाव. फोन ठेवला की घर पहिल्यापेक्षा जास्त रिकामं वाटायचं, आणि तो कॅलेंडरवर पुढच्या रविवारापर्यंतचे दिवस मोजायचा. त्या तासावरच तो हिवाळा काढत होता, हे त्याने स्वतःशी कबूल केलं होतं.

फेब्रुवारीत त्याला ताप भरला. रविवारी फोन वाजला तेव्हा तो अंथरुणात होता.

"आवाज का असा?"

"धुळीची ॲलर्जी. वाळवंट आहे ना."

"पडून राहू नकोस. ऊठ, जरा खिडकीशी ऊन खा."

"खातो नंतर."

"नंतर नाही, आत्ता. मी थांबलेय."

बाईला एकदा नाद लागला की सुटत नाही. मायरन भिंत धरत धरत स्वयंपाकघरात आला आणि पडद्याला टेकून उभा राहिला. "बसलो उन्हात. झालं समाधान?"

"झालं," लिओना म्हणाली. पण त्या दिवशी तिने दीड तास फोन ठेवला नाही.

एप्रिलमध्ये बर्फ वितळलं. एका सोमवारी मायरन बॅग घेऊन पुढच्या दारात उभा राहिला, सगळ्यांना दिसेल असा. मग गॅरेजमध्ये जाऊन त्याने बटण दाबलं. काहीच झालं नाही. एकही दिवा लागला नाही.

लिओना दारात आलीच होती.

"उतरली," तो चिडून म्हणाला. "तासभर चालवायचीस ना?"

"थांब जरा," म्हणत ती घरी गेली आणि कपड्यांच्या टोपलीत बॅटरी घालून घेऊन आली. "ही नोव्हेंबरपासून माझ्या तळघरात आहे. उगाच थंडीत मेली असती."

मायरनने बॉनेट उघडलं. बॅटरीची जागा रिकामी होती.

"मग तू एवढे रविवार इथे... तो हीटर..."

"हीटर कुठला. पाय लाकूड व्हायचे माझे."

"अगं, मग घरी बसून फोन करायचा होतास."

लिओनाने बॅटरी जागेवर ठेवली, पाना घेतला आणि वर न बघता म्हणाली, "त्या पहाटे तुझ्या दारात गाडी आली नाही, ते पाहिलं होतं मी. पण माझ्या घरून तुझं स्वयंपाकघर दिसत नाही, मायरन. तू पायावर उभा आहेस की आडवा पडलायस, ते मला कसं कळणार होतं?"