गोलकीपरचा घसा
फायनल संपली. हॉकी क्लबच्या पोरी एकमेकींच्या गळ्यात पडल्या, आणि गोलकीपर तनुजा मात्र गोलपोस्टला टेकून आपल्या पॅडकडे बघत बसली. अख्ख्या मॅचमध्ये पॅडना एकदाही बॉल लागला नव्हता. कप आला खरा, पण त्यात आपलं काय?

क्लबमध्ये आली तेव्हा ती बॉल अडवण्यात पटाईत होती, पण तोंडातून शब्द फुटेल तर शपथ! कोच पिल्ले मॅडमनी तिच्या हातातली स्टिकच काढून घेतली. "सगळं मैदान फक्त गोलकीपरला दिसतं. दिसलं की ओरडायचं!" मग अख्खा उन्हाळा ती रिकाम्या मैदानाकडे बघून ओरडत राहिली. "डावीकडे! मागे ये! सोडू नको तिला!" येणारे-जाणारे हसायचे. तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

आता बॅकला खेळणारी सुगंधा धावत आली आणि तिच्यापुढे बसून पॅडचे पट्टे सोडू लागली. "तू ओरडलीस म्हणून दरवेळी बॉलपाशी वेळेवर पोचले गं. मला कुठे पाठीला डोळे आहेत?"

तनुजा तिच्याकडे बघतच राहिली. मग ताडकन उठली. एक पाय पॅडमध्ये, एक मोकळा, तशीच फेंगडत मॅडमकडे धावली. सांगायचं खूप होतं. तोंड उघडलं, पण घसा पार बसलेला. नुसती हवा बाहेर आली.

मॅडमनी तिच्या घामेजल्या डोक्यावर हात ठेवला.

"राहू दे गं. मॅचभर तेच तर ऐकत होते."