डोळ्यातली बाहुली

तेलीबांध्याच्या दवाखान्यात ह्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. थेंब चुकले तर डोळा जायचा, आणि हे हल्ली मला ओळखत नाहीत. मी बाटली उघडली की हात झटकायचे.

"बाई, तुम्ही कोण? माझ्या कुसुमले बोलवा, ती टाकेल."

"अहो, मीच कुसुम."

"काहून खोटं बोलून राहिल्या?"

हे जन्मभर इंग्रजीचे मास्तर, शब्दांची मुळं खोदायचा नाद अजून आहे. डॉक्टरकी शिकणाऱ्या, इथल्या हिंदीतच वाढलेल्या आमच्या नातीनं, श्रावणीनं, तोच धागा धरला. "आजोबा, आँख की प्यूपिल मतलब? लॅटिन में छोटी गुड़िया. सामनेवाले की आँख में अपनी ही छोटी-सी मूरत दिखती है ना, इसलिए."

"हव! म्हणजे आपली बाहुलीच की!" हे खुलले. "खरंच दिसते?"

"आजी की आँख में देखो."

लग्नाच्या नव्या दिवसांत धरायचे, तशी ह्यांनी माझी हनुवटी धरली. बराच वेळ डोळ्यात पाहिलं. मग मुकाट्यानं मान मागं टाकली.

"टाका थेंब," हळूच म्हणाले. "पण तुमच्या डोळ्यात मी बसून राहिलो, हे कुसुमले सांगू नका."