सकाळचा पाहुणा

"बाबा, बॅग भरली तुमची. दुपारची नांदेड गाडी हाय," करुणा म्हणाली.

अमृतरावांनी मान वर केली नाही. रात्री गेलेली लाइट पहाटे आली होती आणि ते टेबलाखालच्या जुन्या संगणकाशी खटपट करत बसले होते.

हिंगोलीत लाइट जायला वादळ लागत नाही. तारेवर चिमणी जरा जोरात बसली तरी पुरते. लाइट गेली की इंटरनेटचा डबा बंद. डबा पुन्हा चालू झाला की घराला इंटरनेटवर नवाच पत्ता. जुन्या पत्त्यावर आलेला माणूस बाहेरच्या बाहेर परत. टेलिफोन खात्यात जन्मभर केबली जोडलेल्या माणसाला हा अपमानच वाटायचा. घर जागच्या जागी अन् पत्ता भटका!

एसटी डेपोजवळ संगणक दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या रत्नपालनं त्यावर तोड काढून दिली होती. घराला इंटरनेटवर एक कायमचं नाव घेतलं आणि संगणकात छोटासा प्रोग्राम टाकला. "पत्ता बदलला की ह्यो नवा पत्ता नावाला जोडतो. अन् समदं बराबर चालू हाय का, बघत ऱ्हातो. तुमी निवांत बसा, काका."

संगणकात त्यांच्या बायकोची, पंचफुलाची गाणी होती. जयंतीला गायलेली, लग्नघरात गायलेली, आणि यादीत सगळ्यात पहिला, लेकरांना गायलेला पाळणा. ती गेली तेव्हा मुलगा प्रज्ञेश पुण्याहून उशिरा पोचला, आणि भरल्या अंगणात बाप बोलून गेला, "आता काहून आलास? जेवायला?"

पोरगं उंबऱ्यातूनच माघारी फिरलं. फोन नंबरही बदलला.

अमृतरावांनी मग ही गाणी कुठूनही इंटरनेटवर ऐकता येतील अशी ठेवली, घराचं ते कायमचं नाव घेतलं आणि ते त्याच्या ई-मेलवर धाडलं. उत्तर आलं नाही. पण त्या आठवड्यापासून रोज सकाळी त्या नावावर कोणीतरी यायला लागलं. कोण आलं, काय ऐकलं, हे संगणक लिहून ठेवायचा. आलेल्याचं नाव नाही, नुसता तो जिथून आला त्या इंटरनेटच्या पत्त्याचा आकडा. पाहुणा फक्त पाळणा ऐकायचा आणि जायचा. आकडा मधूनमधून बदलायचा. बदलणारच, नोकरीतलं पोरगं, आज इथं तर उद्या तिथं.

"मी नांदेडला आलो अन् इथं हे बंद पडलं, तर त्यानं काय समजावं?" अमृतराव म्हणाले. "की बापानं पुन्हा दार लावलं?"

"तोच हाय कशावरून?"

"तुझ्या आईचा पाळणा दुसरं कोण ऐकून राहिलं, सांग ना."

"बाबा, तुमाला रात्री-बेरात्री काही झालं तर तो पाळणा येणार हाय का धावून? माझ्या घरी काय तकलीफ हाय तुमाला?"

"तो रोज येतो, करुणे. तू महिन्यातून एकदा येतेस."

"तुमच्या गोळ्या घेऊन येते!"

"गोळ्या मेडिकलवाला बी देतो."

बोलून झालं आणि अमृतरावांनाच ते ऐकू आलं. पण जीभ काही केबल नव्हे, की चुकीचा जोड पुन्हा सोडवता येईल.

करुणानं डोळे पुसले नाहीत. गोळ्यांचा डबा टेबलावर ठेवला, चपला घातल्या. "बरं," म्हणाली. "आता मेडिकलवाल्यालाच सांगा." आणि गेली.

अमृतरावांनी गोळ्यांचा डबा उचलून बॅगेत ठेवला. मग त्यांच्या मनानं उचल खाल्ली. एक लेकरू दुखावलं, तर दुसरं तरी घरी आणायचं. इतके दिवस पोरगं येतंय, आता बापानं जायला पाहिजे. दोघं मिळून करुणाच्या दारात उभे राहिले, तर तीही हसेल.

बॅग भरलेलीच होती. सकाळचा आकडा त्यांनी तळहातावर लिहिला आणि रिक्षानं रत्नपालचं दुकान गाठलं.

"हा आकडा कुठल्या गावचा, ते काढून दे लवकर. लेकाला आणायला निघालो."

रत्नपालनं तळहात बघून आकडा टाकला, पडद्याकडं बघितलं आणि हसायला लागला.

"अवं काका, ह्यो तर तुमच्याच घरचा आजचा पत्ता हाय! आपला तो प्रोग्राम हाय ना, दार उघडं हाय का म्हणून रोज सकाळी तोच बाहेरून येतो अन् पहिलं गाणं वाजवून बघतो."