नदीपलीकडचा घोडा

"बाबा, नव्या मालिकांतल्या काउबॉयना घाम तरी येतो. तुमचे जुने गोळी लागली तरी टोपी पडू देत नाहीत," मी डिवचलं. बाबा टीव्हीकडे बघत राहिले.

वीस वर्षं आम्ही यावरून भांडत आलो. बाबा घोड्यांचे डॉक्टर. त्यांच्या लाडक्या कृष्णधवल चित्रपटात नायक नदीत घोडा घालतो आणि पलीकडे निघतो तो दुसऱ्याच घोड्यावर. ही चूक बाबांनीच पकडलेली. दर वेळी म्हणायचे, "बघ, मागचा पाय पांढरा झाला."

स्मृतिभ्रंशाचं निदान झाल्यापासून रविवारी मी तोच चित्रपट लावते. आज नायक पलीकडे पोहोचला, तरी बाबा काहीच बोलले नाहीत.

"बाबा, घोडा?"

"छान आहे. कुणाचा?"

"जुनेच चित्रपट चांगले, बाबा." मी पहिल्यांदाच हार मानली.

"असेल," ते म्हणाले.