शेवटचा दुधाचा दात

मनवा दारातून हसत आत आली आणि वृंदा जागची उठली. लेकीच्या तोंडात उरलेला एकुलता एक दुधाचा दात दिसत नव्हता.

"कधी पडला?"

"आत्ताच. चिंच खाताना."

वृंदाने धावत जाऊन फ्रिजमधून दवाखान्याची बाटली काढली. मनवाच्या हिरड्यांमध्ये पक्क्या दातांचे अंकुर जन्मापासूनच नव्हते. पडलेला दात तासाभरात या बाटलीत गेला, तर प्रयोगशाळेत त्यातल्या जिवंत पेशींपासून नवा अंकुर वाढवून हिरडीत लावत. तीन वर्षांत एकोणीस दात असे पाठवून झाले होते. एकही रुजला नव्हता. "एक तरी रुजेल हो," डॉक्टर दर वेळी म्हणायचे.

"दे इकडे लवकर."

"मी टाकला तो, आई. शेजारच्या काकांच्या कौलांवर. उंदराला दिला."

"अगं, पण कशाला?"

"वर्गातल्या सगळ्यांनी तसंच केलं आणि सगळ्यांना नवे दात आले. तुमच्या बाटलीतून मला एक तरी आला का?"

वृंदा बाटली घेऊन अंगणात धावली.

मनवाचे बाबा, हेरंब, शिडी लावून शेजारच्या छपरावर चढले. एकेक कौल उचलून बघू लागले. पालापाचोळा, शेवाळ, खडे. खाली वृंदाच्या हातातली थंडगार बाटली कोमट होत चालली होती.

मनवा रडकुंडीला आली.

"बाबा, खाली ये ना!" ती ओरडली. "तू वर असलास तर उंदीर येणार कसा?"