पाणी सोड, बर्ट

"पाणी सोड, बर्ट!"

हाक आली आणि बर्ट स्किप्सीने पंपाचं चाक फिरवलं. पाइप फुगला, गोदामाच्या छपरावर फवारा उडाला आणि तासभर खपून पेटवलेली आग अर्ध्या मिनिटात विझली.

"अहो, पुन्हा?" दिग्दर्शक लॅसेल्स मटकन एका खोक्यावर बसला. "पाणी येत नाही, असा प्रसंग आहे हा!"

"सवय हो, साहेब. हाक आली की हात आपोआप जातो."

"झोपेत हाक मारा, न्हाणीघरातला नळ सोडून येईल," वरून सिरिल पेटिट ओरडला. खालचे बंबवाले हसले. बर्टही हसला.

चित्रपट सरकारी होता. लंडनच्या लोकांना धीर यावा म्हणून. त्यात नट नव्हते. बाँबहल्ल्याच्या रात्री या गोदीत जे आगीशी झुंजले, तेच कॅमेऱ्यासमोर उभे होते. फक्त लेन ऑकशॉट नव्हता. त्याच्या जागी सिरिल होता. त्या रात्री थेम्सला ओहोटी होती. बर्टचा पंप नुसता चिखल ओढत होता आणि लेन छपरावर कोरडा पाइप धरून उभा होता. तो जिवंत खाली आला नाही.

"आता एकदाच पेटेल एवढं लाकूड उरलंय," लॅसेल्स म्हणाला. "तेही वाया गेलं तर लेनचा प्रसंग गाळावा लागेल. पंपावर दुसरा माणूस देऊ?"

"नको." लेनची बायको एडना बंबवाल्यांच्या ठाण्यात टेलिफोनवर असे. लेनचा प्रसंग चित्रपटात दिसेल, असा शब्द बर्टने तिला दिला होता. "मीच थांबतो."

आग पेटली. कॅमेरा सुरू झाला.

"पाणी सोड, बर्ट!"

बर्टने हात पाठीमागे नेले आणि कमरेचा पट्टा घट्ट धरला.

"बर्ट! पाणी!"

वर लाकूड तडतडत होतं. बर्ट चाकाकडे बघत राहिला.

"अरे बर्ट!"

"झालं! छान झालं!" लॅसेल्स धावत आला. "काय त्या तीन हाका! त्या रात्री अगदी असंच झालं असेल, नाही?"

"नाही," बर्ट म्हणाला. "लेनने एकदाच हाक मारली. मग वाट बघत उभा राहिला."

मागे नदीला भरती होती. पाणी धक्क्याच्या वरच्या पायरीला लागलं होतं. बर्टने पट्टा सोडला आणि चाक शेवटपर्यंत फिरवलं.