साडी गार्ड

नवी स्पोर्ट बाईक शोरूमबाहेर काढण्यापूर्वीच बुद्धभूषणने मागच्या चाकावरचे साडी गार्ड काढायला लावले. पदर चाकात अडकू नये, एवढेच त्या जाळीचे काम. पण तिच्यामुळे गाडीचे रूप बिघडते, असे त्याचे ठाम मत होते. गंगापूर रोडवरच्या घरासमोर गाडी लागली, तेव्हा आईने, चांगुणाबाईंनी, टाकीवरून हात फिरवला आणि वाकून मागचे चाक पाहिले.

"जाळी कुठं गेली रे?"

"काढली. बेंगरूळ दिसत होती. आणि तू कुठं बसणार आहेस हिच्यावर?"

"तेही खरंच," म्हणत त्या आत गेल्या.

रविवारी तो किल्ली घेऊन निघाला, तेव्हा जन्मभर पातळाशिवाय काहीही न नेसलेल्या चांगुणाबाई लेकीचा पंजाबी ड्रेस घालून, ओढणी कमरेला घट्ट बांधून, गाडीपाशी उभ्या होत्या.

"आता बसू का रे?"